रंग वाचणारा जिल्हा

वर्धा शहरातल्या बऱ्यापैकी चालणाऱ्या औषधाच्या दुकानात आता ड्रॉपर लावलेल्या, सीरमच्या छोट्या बाटल्यांची एक वेगळी फळी दिसते. कुणात व्हिटॅमिन सी, कुणात नायसिनामाइड म्हणजे व्हिटॅमिन बी-३. आश्वासन सगळ्यांचं सारखंच: त्वचेचा रंग एकसारखा होईल, तोही सौम्यपणे, आग न होता. या बाटल्या बाहेरून येतात, बऱ्याचदा थेट मोबाइलवरून मागवल्या जातात, त्यामुळे हा सारा प्रकार शहरी आणि काल-परवाचा वाटतो. बाटली नवी आहेच, पण तिच्यातलं काहीच वर्ध्याला अनोळखी नाही. व्हिटॅमिन या गोष्टीची चर्चा प्रयोगशाळेतून उचलून स्वयंपाकघरात आणणारी एक संस्था याच शहरात उभी राहिली. अंगाला लावायच्या हळदीचं एक नामांकित गाव याच जिल्ह्यात आहे. आणि माणसाच्या कातडीवरचा फिकट डाग भर उजेडात, शांतपणे, नीट बघण्याची शिस्त देशाला ज्या थोड्या ठिकाणांनी लावली, त्यांत वर्ध्याचं नाव वरचं आहे. हे तीन धागे सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत सापडतात: एक शेतीच्या, दुसरा गांधींच्या, तिसरा वैद्यकाच्या. ते शेजारी ठेवले तर त्वचेच्या रंगाकडे पाहण्याची एक वेगळी रीत दिसते. या रीतीत रंग ही आधी बातमी असते. ऊन किती लागलं, ताटात काय कमी पडलं, कोणता आजार शिरतो आहे, हे ती सांगते. रंग बदलायचा की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. सीरमच्या बाजाराने हा क्रम उलटवला, आणि माझा आक्षेप सीरमवर नसून या उलट्या क्रमावर आहे.

सुरुवात हळदीपासून करायला हवी. समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव जिल्ह्यात ‘वायगाव हळद्या’ म्हणूनच ओळखलं जातं; वर्ध्याजवळच्या वायगाव निपाणीशी गल्लत होऊ नये म्हणूनही ते विशेषण कामाला येतं. इथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातल्या कुरकुमिनचं प्रमाण सहा टक्क्यांच्या घरात सांगितलं जातं, आणि बाजारातल्या बऱ्याच हळदींच्या मानाने ते चढं आहे. कुरकुमिन हे हळदीला पिवळेपण देणारं द्रव्य. फोगल आणि पेल्तिए या दोघांनी ते १८१५ मध्ये वेगळं काढलं. शेतकऱ्याची त्याआधीची कसोटी डोळ्यांची आणि बोटांची होती. कंद मोडला की आत रंग कसा दिसतो, बोटाला किती लागतो, धुतल्यावर किती राहतो, यावर माल ठरायचा. काढलेली हळद शिजवायची, उन्हात वाळवायची, मग घासून चकचकीत करायची, हा सगळा खटाटोप रंगासाठीच असतो. शिजवताना कंदातला रंग आतबाहेर सारखा पसरतो, कच्चा दर्प जातो आणि वाळायला वेळ कमी लागतो. रंग एकसारखा करण्याचं तंत्र या जिल्ह्याला ठाऊक होतं ते असं, मुळावर चालवायचं. तीच हळद माणसाच्या अंगाला लागली की काय करते, हे मात्र नीट पाहायला हवं, कारण इथेच पहिला आक्षेप उभा राहतो.

आक्षेप असा, की हळद आणि उटणं ही आपल्या समाजाची जुनी गोरेपणाची क्रीमच आहेत. लग्नाच्या मुलीला हळद लावतात ती उजळ दिसावी म्हणून, दिवाळीचं उटणं कांती खुलावी म्हणून, गरोदर बाईला केशराचं दूध पाजतात ते मूल गोरं व्हावं म्हणून. मग बाजाराने वेगळं पाप काय केलं? यात तथ्य आहे आणि ते नाकारणं खोटेपणाचं होईल. गोऱ्या रंगाचा सोस कंपन्यांनी शोधून काढलेला नाही. स्थळं पाहताना सावळ्या मुलीबद्दल दबक्या आवाजात बोललं जायचं तेव्हा फेअरनेस क्रीम जन्मलीही नव्हती. पण खुद्द हळदीच्या विधीकडे पाहिलं तर तिथे दुसरंच काही घडताना दिसतं. हळद लागते ती नवरदेवालाही. अनेक घरांत आधी त्यालाच, आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे जाते. हळदीने कोणी गोरं होत नाही, पिवळं होतं. गोरा, गव्हाळ, सावळा, काळा, सगळे दोन दिवस एकाच रंगाचे दिसतात, करवल्यांपासून मांडवातल्या पोराटोरांपर्यंत. कुरकुमिन उजेडात टिकत नाही, त्यामुळे ही समानता लगेच ओसरते, पण विधीचा हेतू ती टिकवण्याचा नव्हताच. उटण्याचं काम आणखी साधं आहे. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल, डाळीचं पीठ. तेल जिरवून हे चोळलं की मळ आणि मेलेली कातडी निघते, सुगंध राहतो. कारंजा, आर्वी, आष्टी या संत्र्याच्या तालुक्यांत साल फुकट मिळते म्हणून ती पडते. ‘संत्र्यात व्हिटॅमिन सी असतं, म्हणून आजीचं उटणं हे मूळचं सीरमच’ असं हल्ली कौतुकाने सांगितलं जातं, ते मात्र पटण्यासारखं नाही. उन्हात वाळवलेल्या सालीत व्हिटॅमिन सी फारसं उरत नाही, आणि उरलेलं डाळीच्या पिठात कालवून पाच मिनिटांत धुऊन टाकलं तर त्याने त्वचेच्या आत जाऊन काही करावं अशी शक्यता नाही. उटण्याची बाजू घ्यायला त्याला रसायनशास्त्राची उसनी पदवी लावण्याची गरज नाही.

व्हिटॅमिन या जिल्ह्यात खऱ्या अर्थाने आलं ते ताटातून, आणि त्याची तारीख जवळजवळ सांगता येते. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ठराव झाला, डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर संघाला दिलं. मगनलाल गांधींच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली. संघाच्या सल्लागारांत प्रफुल्लचंद्र राय, चंद्रशेखर व्यंकट रामन अशी नावं होती, आणि त्यांच्याबरोबर एक ब्रिटिश नावही होतं: रॉबर्ट मॅककॅरिसन. कुन्नूरला बसून हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचा आहार उंदरांना खाऊ घालून त्यांच्या प्रकृतीची तुलना करणारा हा डॉक्टर. व्हिटॅमिन हा शब्द तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. काझिमिर फुंकने तो १९१२ मध्ये घडवला. व्हिटॅमिन सी म्हणजे नेमकं कोणतं द्रव्य हे १९३२ मध्ये कळलं, आणि ते कारखान्यात तयार करण्याची वाट १९३३ मध्ये सापडली. म्हणजे सारं जग ज्या गोष्टीबद्दल नुकतं शिकत होतं, तिच्यावर वर्ध्याच्या एका बागेत वाद चालले होते. गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ खायचा की हातसडीचा? साखर की गूळ? पालेभाजी शिजवायची की कच्ची खायची? १९३५ मध्ये गांधींनी मगनवाडीतल्या जेवणात कच्चा पाला, चिंचेचं पाणी, सोयाबीन असे प्रयोग चालवले आणि ‘हरिजन’मधून त्यांचे हिशेब छापले. आश्रमातल्या सगळ्यांना ते रुचत होते असं मुळीच नाही. सोयाबीनची गंमत अशी, की अर्ध्या शतकानंतर विदर्भाची वावरंच्या वावरं तिने व्यापली, पण ती तेलगिरणीसाठी, ताटासाठी नव्हे.

हे प्रयोग भोळे होते, असं म्हणायची पद्धत आहे. काही होतेही. पण त्यांच्या तळाशी असलेली गोष्ट पक्की होती: धान्याच्या कोंड्यात काहीतरी असतं, ते यंत्राने काढून टाकलं की माणूस आजारी पडतो, आणि तो आजार आधी कातडीवर, जिभेवर, पायांत दिसतो. याचा धडधडीत पुरावा पुढे मॅककॅरिसनच्याच संस्थेकडून आला. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तिथे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांमधल्या पेलाग्राचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडणी केली, की ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्यामुळे शरीराचा नायसिनशी म्हणजे बी-३ शी होणारा व्यवहार बिघडत असावा. ल्युसिनच्या या कारणावर पुढे वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. पण पेलाग्रा हा बी-३ च्या कमतरतेचा रोग आहे याबद्दल शंका उरलेली नाही. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेहेमने निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांचा तसाच रोग बरा करून ते दाखवलं होतं. पेलाग्राची खूण काय? उन्हाला उघडे पडणारे भाग, म्हणजे हाताची मागची बाजू, पोटऱ्या, गळा, दोन्ही बाजूंना सारखेच काळवंडतात, खरखरीत होतात. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो. वर्धा हा ज्वारीच्या भाकरीचाच मुलूख. वावरात राबणाऱ्या बाईच्या हातावरचा असा काळेपणा ‘उन्हाने रापली’ म्हणून सोडून देणं किती सोपं होतं आणि किती चुकीचं ठरलं असतं, याचा विचार करावा. आज रंग एकसारखा करायला ज्या रेणूचा थेंब गालावर लावला जातो, तोच रेणू जेवणात कमी पडला तर रंग विषम होतो. तरोटा, चिवळ, आंबाडी, डाळ, शेंगदाणे यांच्या हिशेबात मगनवाडी याच प्रश्नाभोवती फिरत होती, जरी रेणूचं नाव तिथे तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हतं.

इथे कोणी म्हणेल की ही शब्दांची चलाखी आहे. पोटात गेलेलं बी-३ आणि गालावर लावलेलं बी-३ यांची कामं वेगळी. बरं खाणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर बाळंतपणानंतर उमटलेले वांग पालेभाजीने जात नाहीत. हे म्हणणं पूर्ण बरोबर आहे. त्वचेतला काळा रंग, मेलॅनिन, काही विशिष्ट पेशींत तयार होतो आणि तिथून पुड्या बांधल्यासारखा शेजारच्या पेशींना वाटला जातो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाकोझाकी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने दाखवलं, की नायसिनामाइड मेलॅनिन तयार होणं थांबवत नाही, हे वाटप मंदावतं. त्यामुळे काही आठवड्यांत डाग थोडे फिके होतात. व्हिटॅमिन सी दुसरीकडून, मेलॅनिन घडवणाऱ्या प्रक्रियेतच आडवं येतं. दोन्हींचा परिणाम माफक असतो, सावकाश येतो, आणि वापर थांबवून उन्हात फिरलं की ओसरतो. तेव्हा सीरमला ढोंग म्हणण्यात अर्थ नाही. माझा मुद्दा एवढाच, की एकाच काळ्या डागाची कारणं अनेक असतात, आणि कोणत्या कारणाला कोणता उपाय हे ठरवण्याचं काम बाटली करू शकत नाही. वांगाला सीरम चालेल, पेलाग्राला भाजी-डाळ आणि गोळी लागेल. लोखंडी कडेवर रोज टेकून काळं पडलेल्या कोपराला दोन्ही नकोत.

व्हिटॅमिन ताटातून गालावर कधी गेलं याची नोंदही स्पष्ट आहे, आणि ती बहुतेकांना वाटते त्याहून जुनी आहे. हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आणली. तिच्या उजळपणाच्या दाव्याचा आधार हेच नायसिनामाइड होतं. कंपनीने त्यावर १९७१ मध्येच पेटंट घेतलं होतं. म्हणजे बी-३ चं मलम विदर्भातल्या किराणा दुकानात पोचून पिढी-दीड पिढी झाली, फक्त डब्यावर व्हिटॅमिन ठळक नव्हतं, गोरी होत जाणाऱ्या चेहऱ्यांची रांग ठळक होती. त्याच दशकात हळदीचीही ट्यूब निघाली. ती काढणाऱ्या विको कंपनीचे संस्थापक केशव पेंढरकर हे मूळचे नागपूरचे दुकानदार, नशीब काढायला मुंबईला गेलेले. त्यांच्या कंपनीच्या हळदीच्या क्रीमला सौंदर्यप्रसाधन म्हणून जादा अबकारी लावायचा की आयुर्वेदिक औषध म्हणून सवलत द्यायची, यावर सरकार आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षं खटला चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने अखेर कंपनीची बाजू मान्य केली. कर वाचवण्याचा हा तंटा वरवर रुक्ष आहे, पण मला तो फार बोलका वाटतो. अंगाला लावायची हळद ही आरोग्याची बाब की रूपाची, हा प्रश्न मांडवात कोणी कधी विचारला नव्हता. तो पहिल्यांदा ट्यूबवरच्या कराने विचारला. आणि ज्या सालात एका ट्यूबने ‘गोरे व्हा’ असं सुचवलं, त्याच सुमाराला दुसरी हळदीचं औषधपण न्यायालयात सिद्ध करायच्या वाटेला लागली. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, जाहिरातींतून गोरेपण गेलं आणि ‘तेज’, ‘एकसारखा रंग’ असे शब्द आले. सीरमच्या बाटलीवरचा शब्दही हाच.

बाजाराच्या या वाटेने वर्ध्यातली तिसरी, वैद्यकाची वाट ओलांडली, आणि ती पहिल्या दोहोंपेक्षा कितीतरी कठोर होती. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम सुरू केलं. विनोबांचा आधार त्याला होता. सेवाग्रामात कुष्ठ झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून गांधी स्वतः त्यांना मालिश करत. ते छायाचित्र सर्वांच्या पाहण्यात आहे. हिंगणघाटात जन्मलेल्या मुरलीधर आमट्यांचं, म्हणजे बाबा आमटे यांचं काम पुढे चंद्रपूर जिल्ह्यात उभं राहिलं. या करुणेच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यामानाने गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने पन्नासच्या दशकात वर्ध्यातून घडवलेली पद्धत कमी सांगितली जाते, कारण तिच्यात छायाचित्रासारखं काही नाही. डॉ. आर. व्ही. वर्डेकर यांच्या नेतृत्वाखाली आलेली ही पद्धत म्हणजे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. कार्यकर्ता गावात जाई, घरोघर एकेका माणसाची कातडी दिवसाच्या उजेडात तपासे. फिकट चट्टा दिसला की पुढचा प्रश्न रंगाचा नसे. तिथे स्पर्श कळतो का, हा असे. डोळे मिटवून त्या जागी कापसाचं टोक टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. चट्टा बधिर असेल तर संशय; शिबं, जंत, कोड किंवा नायटा असेल तर तसं सांगून मोकळं करायचं. डाग लपवण्याची लाखो कारणं असलेल्या समाजाला डाग दाखवायला शिकवणं, आणि दाखवल्यावर त्याच्या रंगापेक्षा त्याची संवेदना महत्त्वाची हे पटवणं, हे काम लहान नव्हतं. रंग वाचणं म्हणजे काय, याचं याहून चोख उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

याच कामाचा पुढचा टप्पा या लेखाच्या विषयाला अगदी खेटून जातो, आणि तरी तो त्वचेच्या रंगाच्या चर्चेत कधी येत नाही. एकट्या डॅप्सोन या कुष्ठावरच्या औषधाला रोगजंतू दाद देईनासे झाले तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला देशात ज्या जिल्ह्यांत तो आधी पोचला त्यांत वर्धा होता. तीनपैकी एक औषध क्लोफाझिमिन. ते कातडीला तांबूस, मग काळपट रंग आणतं. उन्हाला लागणारा चेहरा आणि आधी जिथे चट्टे होते त्या जागा जास्त गडद होतात. रोग फिकेपणाने ओळखला जात होता, उपचार काळेपणाने ओळखला जाऊ लागला. गावात तोंड काळवंडलेली बाई पाणवठ्यावर आली की तिला औषध चालू आहे हे न सांगता कळायचं. औषध संपल्यावर तो रंग उतरतो, पण महिने लागतात, कधी वर्ष. ज्यांना वाटतं की रंगाची काळजी ही रिकामटेकड्यांची चैन आहे आणि गांधींच्या जिल्ह्याने तिच्याकडे तुच्छतेनेच पाहायला हवं, त्यांनी या माणसांचा विचार करावा. अशा रुग्णाला आपला पूर्वीचा रंग परत हवा असेल, तर ती हौस नव्हे. लोकांच्या नजरेतून सुटण्याची ती साधी, रास्त इच्छा आहे. उपचार अर्धवट न सोडता तो रंग सोसा, तो जाणार आहे, असं पुन्हा पुन्हा सांगत राहणारे कार्यकर्ते रंगाला कमी लेखत नव्हते. त्याचा अर्थ सांगत होते.

आता माझ्या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप. रंग वाचणं म्हणजे काही पुण्यकर्म नव्हे; माणसांनी डाग वाचले म्हणूनच तर कुष्ठरुग्ण गावाबाहेर गेले. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा वाचनावरच उभा होता, आणि तो देशात २०१६ पर्यंत पूर्णपणे मोडीत निघालेला नव्हता. जोडीदाराला कुष्ठ आहे हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांत २०१९ पर्यंत होतं. कोडाचा तर जंतूशी संबंधही नाही, तरी त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणून किती मुलींची लग्नं मोडली असतील. मग सीरम लावून, डाग पुसून, वाचणाऱ्यांच्या हाती काही लागूच न देणं हेच शहाणपण नाही का? या प्रश्नाचं सोपं उत्तर नाही. समाज जोवर चुकीचं वाचतो तोवर झाकण्याचा हक्क माणसाला आहे. पण दत्तपूरचा आणि प्रतिष्ठानाचा अनुभव उलट दिशेला बोट दाखवतो. तिथे अपमान कमी झाला तो डाग दिसेनासे झाल्याने नाही. डागाचा खरा अर्थ अनेकांना कळल्याने झाला: हा लवकर औषध घेतलं तर बरा होतो, हा आनुवंशिक शाप नाही, याला शिवल्याने काही होत नाही. झाकणारा माणूस स्वतःपुरता सुटतो, आणि त्याचा शेजारी मात्र आधीइतकाच अडाणी राहतो. शिवाय कुष्ठाच्या बाबतीत झाकण्याची किंमत बोटांनी चुकवावी लागते; मज्जातंतू गेला की औषध त्याला परत आणू शकत नाही.

या जिल्ह्यात सीरम वापरणाऱ्या माणसासाठी या सगळ्याचा व्यवहारात अर्थ काय, हेही सांगायला हवं, नाहीतर इतिहास नुसता शोभेला राहील. पहिली बातमी उन्हाची. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांना सहज शिवतो. स्कूटीवर निघालेल्या मुली स्टोलने डोळ्यांपर्यंत चेहरा बांधतात आणि वावरात राबणाऱ्या बाया डोक्यावरचा पदर कपाळावर ओढतात. गालावरच्या काळेपणावर यांच्याहून स्वस्त आणि जास्त परिणामकारक इलाज कोणत्याही बाटलीत नाही. मेलॅनिन हे त्याच उन्हाविरुद्धचं शरीराचं छत्र आहे, त्यामुळे ते पुरतं घालवायची इच्छाच मुळात आत्मघातकी आहे. दुसरी गोष्ट बाटलीच्या प्रकृतीची. ॲस्कॉर्बिक आम्ल हवा, उजेड आणि उष्णता यांत टिकत नाही. पिवळं, मग तपकिरी होतं. त्वचेत शिरायला ते बरंच आम्लधर्मी ठेवावं लागतं, म्हणून चुणचुणतं. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात उन्हाळाभर पडलेल्या बाटलीत जाहिरातीतलं किती उरलं असेल याचा अंदाज तिच्या रंगावरूनच बांधता येतो. त्या मानाने नायसिनामाइड चिवट आहे, झोंबतही कमी. ‘सौम्य’ हे विशेषण खरं तर त्यालाच शोभतं. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिच्याकडे रासायनिक उद्योगांचा आणि वनौषधींचा असे विभाग आहेत, आणि साबण-तेलाच्या प्रशिक्षणाची परंपरा तर ग्रामोद्योग संघाच्या दिवसांपासूनची. वायगावची हळद पूड होऊन, फार तर साबणात मिसळून बाहेर जाते. सीरम इथेच भरलं गेलं तर मला आनंद होईल, पण बाटलीचा पत्ता बदलल्याने तिच्यावरचं आश्वासन आपोआप खरं होणार नाही, याचं भान कुमारप्पांच्या वारसदारांनी ठेवायला हवं.

सौम्य व्हिटॅमिनचं सीरम चुकून चुकीच्या डागावर लागलं तर बहुतेक वेळा पैसे वाया जातात, त्याहून मोठं नुकसान होत नाही. धोका त्याच्या शेजारी ठेवलेल्या ट्यूबांचा आहे. तीव्र स्टिरॉइड असलेली, कधी हायड्रोक्विनोनही मिसळलेली मलमं ‘डागांची क्रीम’ म्हणून चिठ्ठीविना विकली जातात. सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी सवय गेलेली नाही. चार दिवसांत चेहरा उजळतो, आणि मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बंद केलं की लाली आणि पुरळ उसळतं. नायटा त्याखाली आकार बदलून पसरतो, कुष्ठाचा चट्टा त्याखाली काही काळ आपली खूण लपवतो. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आजही आशा कार्यकर्ती घरोघर जाते, आणि अंगावर कुठे फिकट, बधिर डाग आहे का विचारते. तिच्या प्रश्नांच्या यादीत आता एक भर पडायला हवी: त्या डागावर काय लावता? आणि घरातल्या माणसाने उत्तर तोंडी न देता मोरीतल्या फळीवरची ट्यूब, बाटली, पुडी असेल ते आणून तिच्या हातात द्यावं. नाव लक्षात राहत नाही, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं.